भांडे रिकामे परत करू नये



आमच्या पोलादपुराकडच्या खेड्यांत एक रीत आहे. ती आपल्या महाडातही आहे, आणि मराठी माणूस जेथे जेथे घर करून राहिला तेथे तेथे ती असावी असे मला वाटते. शेजारणीने वाटीभर आमटी पाठविली, तर ती वाटी नुसती घासून परत करावयाची नाही. तिच्यात चिमूटभर साखर, मूठभर तांदूळ, निदान परसातले एखादे लिंबू घालावयाचे आणि मग ती परत पाठवावयाची. रिकामे भांडे परत करणे अशुभ, असे माझी आई म्हणे. त्यात शुभाशुभाचा भाग किती हे मला ठाऊक नाही, पण शहाणपणाचा भाग मोठा आहे. ज्याने घेतले त्याची मान खाली राहू नये, म्हणून आपल्या आयाआजींनी करून ठेवलेली ही व्यवस्था आहे.

आजचा माझा विषय विशेष गरजा असलेल्या मुलांचा आहे. कोणी अंध, कोणी कर्णबधिर, कोणी चालू न शकणारे, कोणी बुद्धीने मंद गतीने वाढणारे. या मुलांना दयाबुद्धी कशी शिकवावी, आणि दान करण्यातून ती शिकविता येईल काय, हा तो विषय. मी शिक्षणशास्त्राचा पंडित नाही. दहावीनंतर शाळेचे तोंड पाहिले नाही. जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर, तारखेचा पुकारा होईपर्यंत. तेव्हा अनुभव आणि इतिहास या दोन काठ्या हातात घेऊनच मी ही वाट चालणार आहे.

पहिला अनुभव घेणाऱ्याचा. माझे वडील मुंबईच्या गिरणीत होते. या दोन तालुक्यांतील कितीतरी घरांची चूल त्या काळी गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मनिऑर्डर बंद पडली. पावसाळ्यात शेजारच्या घरून आम्हांला भात मिळाला. आईने तो घेतला, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच टोपलीतून करवंदे आणि आंबोशी भरून परत पाठविली. भाताच्या मोलापुढे करवंदांचे मोल काय? पण ती टोपली भरून गेली त्या दिवशी आईचा चेहरा कसा होता, हे मला आजही आठवते.

दुसरा अनुभव देणाऱ्याचा, आणि तो माझ्या चुकीचा आहे. पंधरावीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या वर्धापनदिनी आम्ही अशा मुलांच्या एका शाळेत गेलो. बरोबर फलक होता, छायाचित्रकार होता, वह्या आणि बिस्किटांचे पुडे होते. मुलांना रांगेत बसविले होते. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने पुडा फोडला, एक बिस्कीट काढले आणि माझ्यापुढे धरले. मी म्हणालो, “अरे, तुझ्यासाठीच आणलंय, तू खा.” त्याने पुन्हा हात पुढे केला. मी पुन्हा प्रेमाने तो मागे सारला. मग त्याने ते बिस्कीट पुड्यात ठेवले आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. निघताना तेथील बाई मला हलकेच म्हणाल्या, “भाऊ, घ्यायला हवं होतं तुम्ही. दुसऱ्याला ‘घ्या’ म्हणायला शिकायला त्याला चार महिने लागले.”

मी कामगारांना हक्क शिकविणारा माणूस. पण त्या दिवशी एका मुलाचा हक्क मी माझ्या हाताने मागे सारला होता. तेव्हापासून मी या विषयावर जे सापडेल ते वाचीत आलो, आणि जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

आपल्याकडे दानाची परंपरा जुनी आणि थोर आहे. अन्नछत्रे होती, धर्मशाळा होत्या, देवळाच्या पायरीवर बसलेल्या आंधळ्यापांगळ्याला घास मिळत होता. त्या घासाने माणसे जगली, हे विसरून चालणार नाही. परंतु त्या व्यवस्थेत दोन जागा कायमच्या ठरलेल्या होत्या. एक वरच्या हाताची, एक खालच्या हाताची. देणाऱ्याला पुण्य मिळे आणि घेणाऱ्याला पोटभर अन्न मिळे. घेणारा कधी तरी उठून देणाऱ्याच्या जागी जाईल, असा विचार तिच्यात नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाळा आल्या. मुंबईत माझगावला १८८५ च्या सुमारास कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली. ती या देशातील अशी पहिली शाळा मानली जाते. १८८७ मध्ये अमृतसरला अंधांची शाळा निघाली, आणि १९०० साली अॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. १९४४ मध्ये मुंबईतच वकील दांपत्याने स्वतःच्या मुलीच्या निमित्ताने बौद्धिक विकास मंद असलेल्या मुलांसाठी आपल्या घरी शाळा सुरू केली. आज ती जय वकील यांच्या नावाने ओळखली जाते. या शाळांनी मोठी गोष्ट केली. पायरीवर बसणाऱ्या मुलाला त्यांनी बाकावर बसविले. पण त्या चालत होत्या देणग्यांवर, आणि देणगीदार आला की मुलांनी गाणे म्हणून आभार मानावयाचे, ही रीत पुष्कळ ठिकाणी राहिली. बाकावर बसलेले मूलही घेणाऱ्याच्याच रांगेत उरले.

ही रांग मोडते कशी? याचे पहिले उत्तर मला आपल्याच जिल्ह्यात सापडले.

पेण तालुक्यातील गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ हा त्यांचा जन्मदिवस. त्यांच्या आठवणींत फणसाची एक गोष्ट आहे. परसातला फणस पिकू लागला की लहान विन्याच्या तोंडाला पाणी सुटे. आई फणस कापी, गरे द्रोणांत भरी आणि ते द्रोण आधी शेजारच्या घराघरांत देऊन यावयास सांगे. सगळे द्रोण पोहोचले, की मग त्याला जवळ बसवून गरे खाऊ घाली. आधी द्यावे, मग खावे, हा धडा तिने कोकणातल्या फणसावर शिकविला. ही झाली दानाची शिकवण, आणि ती लहान मुलाच्या पायांनी व हातांनी दिलेली. तिच्यात उपदेशाचा भाग थोडा आणि द्रोण पोहोचविण्याचा भाग मोठा होता, हे आपण लक्षात ठेवू.

त्याच घरातली दुसरी आठवण मला अधिक मोलाची वाटते. भाव्यांच्या घरी एक अंध गृहस्थ राहत असत. ते कष्टाळू आणि प्रेमळ होते. मुले त्यांना काका म्हणत. पुढे विनोबांचे कुटुंब बडोद्यास गेल्यावर ते वारल्याचे पत्र आले. पण घरात सुतक धरले गेले नाही. मुलाने विचारले तेव्हा आईने सांगितले, की ते आपल्या नात्यातले नव्हतेच. त्यांना कोणी नव्हते म्हणून ते आपल्याकडे राहत होते. इतकी वर्षे मुलांना याचा पत्ताही लागला नव्हता. आश्रित म्हणून ठेवलेला माणूस आश्रित आहे हे मुलांना कळूही नये, याहून मोठी दया कोणती? तो घरात कष्ट करी, माया लावी, म्हणजेच देत होता. आणि जो देतो तो आश्रित राहत नाही, तो घरचाच होतो.

याच विनोबांनी १९५१ पासून भूदानाची पदयात्रा केली तेव्हा मोठ्या जमीनदाराप्रमाणेच लहान शेतकऱ्यापुढेही हात पसरला. जमीन नसेल त्याने श्रम द्यावे, बुद्धी असेल त्याने बुद्धी द्यावी. देण्याजोगे काहीच नाही असा माणूस जगात नाही, ही त्यांची भूमिका होती. भूदानाच्या यशापयशाविषयी मतभेद आहेत. माझ्यासारख्या चळवळीतल्या माणसाचेही आहेत. पण हा विचार मात्र अपंग मुलांच्या शिक्षणाचा पाया व्हावा इतका पक्का आहे.

आता क्षणभर सातासमुद्रांपलीकडे जाऊ. हेलन केलर यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यांचा जन्म १८८० सालचा. दुसरे वर्ष पुरे होण्यापूर्वीच आजारपणात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती गेली. अॅन सलिव्हन या शिक्षिकेने त्यांच्या तळहातावर अक्षरे काढून त्यांना भाषा दिली. ही कथा शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचतो. पण तिच्यातला एक प्रसंग पुस्तकांत सहसा येत नाही. हेलन दहा वर्षांची असताना तिचा लाडका कुत्रा मारला गेला. ही बातमी पसरली तेव्हा तिला नवा कुत्रा घेऊन देण्यासाठी दूरदूरच्या लोकांनी पैसे देऊ केले. त्याच सुमारास पेन्सिल्व्हेनियातील टॉमी स्ट्रिंगर या लहान मुलाविषयी तिला कळले होते. तोही अंध आणि बहिरा होता. त्याची आई वारलेली होती, आणि बापाजवळ त्याला शिकविण्यास पैसा नव्हता. हेलनने सर्वांना कळविले, की मला कुत्रा नको, हा पैसा टॉमीच्या शिक्षणाला द्या. तिने वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली, ओळखीच्या मोठ्या माणसांना लिहिले, स्वतःच्या खाऊचे पैसे वाचविले. १८९१ च्या एप्रिलमध्ये टॉमी बोस्टनच्या अंध मुलांच्या बालशाळेत दाखल झाला. तेथे तो शिकला, सुतारकामात तरबेज झाला.

या प्रसंगात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, हेलनने जे दिले ते तिला खरोखरच हवे असलेले होते. नको असलेले जुने खेळणे तिने दिले नाही. दुसरी, कोणाला द्यावयाचे हे तिने स्वतः ठरविले. तिसरी, मोठ्यांनी तिचे ऐकले. कोणी म्हणाले नाही, की “बाळ, तू स्वतःच दुबळी, तू काय देणार?” माझ्याकडून जी चूक त्या शाळेत झाली, ती तेथील मोठ्यांकडून झाली नाही.

आणि ही मुलगी पुढे कोण झाली? १९०९ मध्ये ती समाजवादी पक्षाची सभासद झाली. १९१२ मध्ये लॉरेन्स गावच्या कापड गिरण्यांतील संपाला तिने पाठिंबा दिला. १९१९ मध्ये तिच्याच जीवनावरील चित्रपटाच्या पहिल्या खेळाला ती गेली नाही, कारण नटांचा संप चालू होता. अंधत्वाची कारणे शोधता शोधता ती कारखान्यांतील अपघात, दारिद्र्य आणि मालकांचा लोभ यांपर्यंत पोहोचली. टॉमीपासून निघालेली दया तेथवर गेली. ती १९५५ मध्ये भारतात आली, तेव्हा मुंबईकरांनी तिला पाहिले. दयेचा खरा धडा मिळालेले मूल ‘मी काय देऊ’ एवढ्यावर थांबत नाही, ‘हे असे का’ हेही विचारते. मला वाटते, म्हणूनच काही लोकांना असा धडा फार खोल जाऊ नये असे वाटत असावे.

तिसरे उदाहरण महाराष्ट्राचेच, आणि त्याची सुरुवात युनियनमधून झाली, याचा मला अभिमान आहे. मुरलीधर देवीदास आमटे हे चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याचे वकील आणि तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष. सफाई कामगारांची संघटना ते चालवीत. आमचे काम करून तर पाहा, असे कामगारांनी म्हटल्यावर या वकिलाने कित्येक महिने मैल्याच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या. ते काम करतानाच एका पावसाळी संध्याकाळी त्यांना रस्त्याच्या कडेला मरणपंथाला लागलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण दिसला. ते प्रथम भ्याले, पळाले, आणि मग आपल्या भीतीची लाज वाटून परत आले. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, कलकत्त्यास जाऊन उपचाराचे शिक्षण घेतले, आणि १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाची सुरुवात झाली. जवळ पन्नास एकर खडकाळ जंगल, सहा रुग्ण, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय होती.

दान माणसाला मोडते आणि काम त्याला घडविते, हे बाबा आमट्यांचे सूत्र आपल्याला ठाऊक आहे. आनंदवनाच्या रहिवाशांनी झडलेल्या बोटांनी विहीर खणली, भाजी पिकविली. ती भाजी वरोऱ्यात कोणी घेईना. १९५४ मध्ये देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक तेथे राहावयास आले, त्यांनी त्यांच्याबरोबर इमारती बांधल्या, तेथले अन्न खाल्ले, आणि मग हळूहळू गावाची भीती ओसरली. पण माझ्या दृष्टीने या कथेचा कळस १९६४ सालचा आहे. त्या वर्षी आनंदवनाने वरोऱ्याच्या मुलांसाठी महाविद्यालय सुरू केले. त्याची इमारत कुष्ठरोगातून उठलेल्या माणसांनी आपल्या श्रमाने उभी केली. ज्या गावाने त्यांची भाजी नाकारली, त्याच गावाच्या लेकरांना त्यांनी महाविद्यालय दिले. आईने करवंदांची टोपली पाठविली होती, त्याच जातीचे हे देणे. फक्त टोपली फार मोठी होती.

दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, तेथे अंध मुलांची शाळा निघाली. पुढे मूकबधिर मुलांचीही निघाली. बोटे नसलेला माणूस माग चालवितो, शेत पिकवितो, दुसऱ्याच्या मुलाची शाळा बांधतो, हे ज्या मुलाच्या सभोवती रोज घडते, त्याला दयेचा पाठ पुस्तकातून द्यावा लागत नसेल, असे मला वाटते.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की हे सारे ठीक; पण अपंग मुलाला दान शिकविता शिकविता त्याचे हक्क मागे पडणार नाहीत काय? सरकारने द्यावयाचे ते न देता, ‘तुम्हीच एकमेकांना द्या’ असे म्हटले जाणार नाही काय? ही शंका महाडात राहणाऱ्याला सुचली नाही तर नवल. चवदार तळे आपल्या गावात आहे. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या बांधवांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. कोणी दयाळू माणसाने ओंजळीत ओतलेले पाणी त्यांना नको होते. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. त्या हक्कावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हावयास १९३७ साल उजाडले.

अपंगांच्या बाबतीत हक्काची भाषा कायद्यात आली ती १९९५ मध्ये. त्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने एकवीस मानले, आणि शिक्षण, नोकरी, वावर यांतील समानता ही सवलत नसून अधिकार आहे असे सांगितले. तेव्हा शाळा, उतरंड, शिक्षक, उपचार ही मुलांची हक्काची मागणी आहे. ती कोणाच्या वाढदिवसाच्या बिस्किटांनी भागत नाही. पण मी म्हणतो, की देणे हाही त्या हक्कांतलाच एक हक्क आहे.

हे मला एका कामगाराने शिकविले. एका कारखान्यात यंत्रात सापडून त्याची चार बोटे गेली. आम्ही त्याच्यासाठी वर्गणी काढली, त्याने ती घेतली. पुढच्या महिन्यात पावतीपुस्तक फिरू लागले तेव्हा तो आपली नेहमीची वर्गणी घेऊन आला. खजिनदार म्हणाला, “राहू दे रे, तुझी नको.” तो उसळून म्हणाला, “का? मी आता सभासद नाही काय?” पावती फाडावी लागली. वर्गणी देतो म्हणून माणूस सभासद असतो. ज्याची वर्गणी आपण दयेने माफ करतो, त्याचे नाव आपण नकळत यादीतून खोडतो.

आणि हे समजण्यासाठी अपंगच असावे लागते असे नाही. २२ जुलै २०२१ चा दिवस आपल्यापैकी कोण विसरेल? सावित्रीचे पाणी बाजारपेठेत, घराघरांत शिरले. तळिये दरडीखाली गेले, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर तीच आपत्ती आली. त्यानंतर आपण सारेच रांगेत उभे होतो. कपडे आले, भांडी आली, तांदूळ आला. देणाऱ्यांचे उपकार आहेत. पण फाटका सदरा हातात पडताना काय वाटले, आणि आपले छायाचित्र कोणी काढीत असताना नजर कोठे वळवावी लागली, हेही आपल्याला ठाऊक आहे. आमच्या घरातला चिखल बाहेरगावच्या मुलांनी उपसला. शेगडी पेटल्याबरोबर माझ्या पत्नीने पहिली गोष्ट केली ती त्यांना चहा दिला. एकजण संकोचाने नको म्हणू लागला, तेव्हा ती म्हणाली, “घ्या हो, घर आमचंच आहे.” त्यांनी चहा घेतला, आणि त्या ओल्या भिंतींत ते घर पुन्हा आमचे झाले.

आता प्रत्यक्ष काय करावे, एवढे सांगून संपवितो. अशा मुलांच्या पालकांशी आणि शिक्षकांशी बोलून जे समजले ते असे. मंद गतीने शिकणाऱ्या मुलाला ‘परोपकार’ हा शब्द कळत नाही, पण आपल्या हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली आणि त्याचा चेहरा फुलला, हे कळते. म्हणून देणे हातातून हातात असावे, ओळखीच्या माणसाला असावे, आणि पुन्हा पुन्हा असावे. वर्षातून एकदा पेटीत नाणे टाकून ते साधत नाही. दिवाळीला ही मुले पणत्या रंगवितात, पाकिटे करतात. त्या कमाईतला वाटा कोठे जावा हे त्यांना ठरवू द्यावे. ते शाळेच्या शिपाईमामांना द्यावे म्हणाले, तर तेथेच द्यावे. सक्ती करू नये. हिसकावून देवविलेले ते दान नव्हे. त्यांच्या देण्याचा तमाशा करू नये. आणि कठीण वाटणारी शेवटची गोष्ट ही, की त्यांनी दिलेले आपण घ्यावयास शिकावे.

तो मुलगा आता तिशीच्या पुढे गेला असेल. त्याचे नाव मी विचारले नव्हते. बिस्किटांच्या पुड्यांचा हिशेब मात्र माझ्या वहीत नोंदलेला होता. त्यानंतर आमच्या युनियनने अशा ठिकाणी जाणे थांबविलेले नाही, पण फलक आणि छायाचित्रकार नेणे थांबविले. आता आम्ही जातो तेव्हा मुले आम्हांला सरबत देतात. ग्लास भरताना पुष्कळ सांडते, कोणाचा हात थरथरतो, एका ग्लासाला पाच मिनिटे लागतात. आम्ही बसून राहतो. सरबत पितो आणि आणखी मागतो.